उपदेश नको, अवधी द्या

नोकरी गेलेल्या माणसाला या देशात पैशाआधी उपदेश मिळतो. वृत्ती बदला, नवे कौशल्य शिका, संकटाकडे संधी म्हणून पाहा, लहानसा का होईना पण स्वतःचा धंदा काढा, असे सांगणारी मंडळी सरकारात आहेत, उद्योगपतींच्या संघटनांत आहेत, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांतून बाहेर पडलेल्या सल्लागारांचा तर तो पोटापाण्याचा व्यवसायच झाला आहे. उपदेशाला खर्च येत नाही, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्याला उपदेश करावयाचा त्याच्याच अंगी काही उणीव आहे, हे उपदेशात आधीच गृहीत धरलेले असते. कारखाना बंद पडला किंवा कंपनीने हजार माणसे कमी केली, ही मालकाच्या हिशेबवहीतील घटना. ती तेथून अलगद उचलून कामगाराच्या स्वभावात नेऊन ठेवली जाते. मग मालक निर्दोष, सरकार निर्दोष, आणि चाळिशी उलटलेला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस मात्र काळाबरोबर न बदलल्याचा अपराधी!

हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी महाराष्ट्राला दूर जावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. त्याच्या यशापयशाची आणि नेतृत्वाच्या चुकांची चर्चा पुष्कळ झाली आहे व ती येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. येथे महत्त्वाचे ते एवढेच की लाखाहून अधिक कामगार त्यानंतर गिरणीत परत जाऊ शकले नाहीत. या माणसांजवळ कौशल्य नव्हते काय? साचाखात्यात वीस वर्षे काढलेला विणकर साच्याच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखत असे. १७ जानेवारीला जो कुशल होता तो वर्षभरात अकुशल कसा झाला, याचे उत्तर कौशल्यवादी मंडळींनी कधी दिलेले नाही. कापडाची मागणी संपली म्हणावे तर तेही खरे नाही. संपाच्या काळातच मुंबईच्या गिरण्यांचे मालक भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेत होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे माग वाढत होते आणि त्या मागांना विणकर हवेच होते. तेच सूत, तीच वीण, बहुधा तेच गिऱ्हाईक. बदलला तो फक्त मजुरीचा करार. गिरणीत आठ तासांची पाळी, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि भरपगारी रजा होती. यंत्रमागावर बारा तासांची पाळी आणि वारावर मजुरी. कौशल्य बाजारातून नाहीसे झाले नव्हते, त्याची किंमत पाडण्यात आली होती. या साध्या अर्थशास्त्रीय व्यवहाराला ‘कौशल्याची दरी’ असे शास्त्रीय नाव देणे ही शुद्ध मखलाशी होय.

अहमदाबादेत पुढच्या दोन दशकांत हेच घडले. तेथील लाखाहून अधिक गिरणी कामगारांची कामे गेली. त्यांचा प्रदीर्घ अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी नोंदविलेला निष्कर्ष मुंबईच्या कोणत्याही चाळीत पडताळून पाहता येईल असा आहे. कामे गेलेले लोक रिकामे बसले नाहीत. ते रिक्षा चालवू लागले, हातगाडीवर भाजी विकू लागले, रखवालदार झाले. कामाचे तास वाढले आणि मिळकत घटली. म्हणजे नवे काम ‘शोधण्या’त ते मुळीच कमी पडले नाहीत. त्यांना काम मिळाले, आणि ते मिळाले म्हणूनच ते सरकारी आकड्यांतून दिसेनासे झाले.

आकड्यांची ही बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण सर्व उपदेशाचा डोलारा तिच्यावर उभा आहे. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षी देशातील बेकारीचे प्रमाण अवघे ३.२ टक्के होते. अनेक संपन्न देशांना हेवा वाटावा असा हा आकडा! परंतु या मोजणीत वर्षाकाठी तीस दिवस दुय्यम काम केलेला माणूसही कामकरी ठरतो, आणि घरच्या दुकानात बिनपगारी राबणारी बाईही. पंचवीस हजारांची नोकरी जाऊन सिग्नलवर मोबाइलची वेष्टणे विकू लागलेला माणूस या पाहणीत बेकार नाही. तो ‘स्वयंरोजगारी’ आहे. प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० साली बजावून ठेवले होते की आपल्यासारख्या अर्थव्यवस्थेत बेकारी एकाच ठोकळ आकड्यात मांडणे दिशाभूल करणारे ठरते. तो अहवाल पन्नासांहून अधिक वर्षे कपाटात आहे. गरीब देशातील बेकारी कमी दिसते याचे कारण बेकार राहणे गरिबाला परवडत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. ते अर्थमंत्र्यांना ठाऊक नसेल असे मानणे हा त्यांचा अपमान ठरेल.

शिवाय एक नोकरी जाते तेव्हा एकच नोकरी जात नाही. गिरणगावात गावाकडे कुटुंब ठेवून आलेले हजारो कामगार खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली बांधली, तिचे नाव अन्नपूर्णा महिला मंडळ. संप लांबला तसे जेवणाऱ्यांचे पैसे थकले आणि मग जेवणारेच रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याला निघून गेले. या बायांची चूल ही कामाची जागा होती हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नव्हते. त्यामुळे त्यांचे काम गेले हेही कोठे लिहिले गेले नाही. नुकसानभरपाईचा तर प्रश्नच उद्भवला नाही.

काम गेलेल्या माणसाचे काय होते, याचा पहिला शास्त्रीय अभ्यासही एका कापडगिरणीच्याच गावी झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारीएन्थाल येथील कारखाना जागतिक मंदीत बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तेथे मुक्काम करून लिहिलेला ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. बेकारीतून बंड पेटेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. संशोधकांना आढळली ती मरगळ. लोकांपाशी वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती. ते पुन्हापुन्हा थांबत. बायका मात्र भरभर चालत, कारण घरचे काम त्यांना चुकले नव्हते. दीर्घ बेकारीने माणसाचे वेळेचे भानच हरपते, असे या अभ्यासाने दाखविले. ज्यांना ‘वृत्ती’विषयी बोलण्याची हौस आहे त्यांनी कार्य आणि कारण यांची अदलाबदल करण्यापूर्वी हा ग्रंथ चाळण्यास हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल की कामगाराला संरक्षण देणारे कायदे आपल्याकडे आहेतच. आहेत, आणि त्यांतील फट कोठे आहे हे मालकांच्या वकिलांना पाठ आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेल्या प्रकरणाने कपात झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देण्याचे बंधन घातले. १९७६ साली मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेणे सक्तीचे झाले. ही मर्यादा प्रथम तीनशे कामगारांची होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती शंभरावर आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली. भरपाईचा दर मात्र १९५३ साली होता तोच, पंधरा दिवसांचा, आजही आहे. बहात्तर वर्षांत जगातील सगळ्या किमती बदलल्या. कामगाराच्या एका वर्षाची किंमत तेवढी स्थिर राहिली.

पण खरी फट निराळीच आहे. कपातीच्या व्याख्येतून ‘स्वेच्छानिवृत्ती’ आरंभापासून वगळलेली आहे. १९८४ पासून मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपणे हेही वगळले गेले. म्हणून कपात करावयाची नसते, राजीनामा घ्यावयाचा असतो! नव्वदच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांचे पीक आले, ते काही कामगारांच्या इच्छाशक्तीला अचानक बहर आल्यामुळे नव्हे. यंत्रे हलविली जात होती, पगार तुंबले होते, आणि ‘आज घेशील तर एवढे, उद्या कदाचित तेवढेही नाही’ असा तो प्रस्ताव होता. अशा वेळी केलेल्या सहीला स्वेच्छा म्हणावयाचे असेल तर सावकाराच्या ओसरीवर उठविलेल्या अंगठ्यालाही स्वेच्छाच म्हटले पाहिजे.

ज्यांना हा प्रश्न फक्त निळ्या सदऱ्यांचा वाटत होता त्यांचाही भ्रम आता दूर व्हावा. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. पुण्याच्या हिंजवडीत आणि खराडीत काम करणारा, घरकर्जाचे हप्ते भरणारा अभियंता स्वतःला कामगार समजत नव्हता. संघटना हा शब्दच त्याला जुनाट वाटे. या व्यवसायात नोकरी घालविण्याची रूढ पद्धत अशी की माणसाला खोलीत बोलावून राजीनामा देण्यास सांगावयाचे. दिला तर अनुभवाचा चांगला दाखला, नाही तर ठपका ठेवलेले पत्र. पद्धत साचाखात्यातलीच आहे, खोली तेवढी वातानुकूलित आहे. राजीनामा दिल्याबरोबर कपातीची भरपाई गेली, आणि त्याच कंपनीने पुढे भरती केली तर कपात झालेल्यास अग्रक्रम देण्याचे बंधनही गेले. या अग्रक्रमालाही नव्या संहितेने एका वर्षाची मुदत घालून दिली आहे.

आता सरकारी मदतीचा हिशेब पाहावा. १९८६ साली केंद्राने कापड कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू केली. तिची कल्पना चांगली होती: पहिल्या वर्षी पाऊण वेतन, दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी पाव. म्हणजे माणसाला नवे काम पाहण्यासाठी तीन वर्षांचा अवधी. पण लाभ कोणाला? जी खासगी गिरणी कायदेशीररीत्या आणि कायमची बंद झाली तिच्याच कामगाराला. जी गिरणी पुन्हा सुरू झाली आणि जिने जुन्या कामगारांपैकी अनेकांना दारातून परत पाठविले, तिचा कामगार योजनेबाहेर. जी चालतही नाही आणि रीतसर बंदही होत नाही, तिचा कामगारही बाहेर. १९९२ साली आर्थिक सुधारणांच्या गाजावाजात राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. कामगारांना नवे शिक्षण आणि नवे काम देणे हा त्याचा जाहीर हेतू होता. पैशाचा मोठा भाग सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्ची पडला, आणि २००० साली निधीच गुंडाळण्यात आला. जो निधी माणसांना कामावर परत नेण्यासाठी काढला तो त्यांना घरी पाठविण्यासाठी वापरला गेला, याची संसदेत कोणाला लाज वाटल्याचे स्मरत नाही.

आज काय उरले आहे? राज्य विमा योजनेखालील कामगारासाठी २०१८ साली एक बेकारी साहाय्य योजना निघाली. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त नव्वद दिवसांपुरती. मूळ दर पाव वेतनाचा. महामारीच्या २०२० साली तो निम्मा करण्यात आला. राजीनामा दिलेल्याला ती लागू नाही, आणि कंत्राटी कामगाराच्या ठेकेदाराने विम्याची नोंदच केलेली नसेल तर त्यालाही नाही. नव्या संहितेने ‘पुनर्कौशल्य निधी’ आणला आहे. मालकाने कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचे वेतन त्यात भरावयाचे आणि ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे. महिना वीस हजार कमावणारा, बारा वर्षे एका कारखान्यात काढलेला माणूस धरा. कपातीची भरपाई साधारण एक लाख वीस हजार, विम्याचे साहाय्य फार तर तीस हजार, आणि बारा वर्षांत हाताला बसलेले काम विसरून नवे शिकण्यासाठी दहा हजार! एखाद्या बऱ्या संगणक-वर्गाची फी भरून त्यातून रिक्षाभाडे उरले तरी पुष्कळ. आणि हा हिशेब कायदा तंतोतंत पाळला गेला तर, असा आहे. देशातील बहुसंख्य श्रमिकांना यांतील एकही पैसा मिळत नाही, कारण ते कोणाचे कामगार आहेत हेच कागदावर सिद्ध होत नाही.

या सर्व योजनांत एक गोष्ट मुळातच निसटलेली आहे. नोकरी गेलेल्याला सर्वांत आधी हवा असतो तो अवधी. शिकण्यासाठी नव्हे, निवडण्यासाठी. ज्याच्या घरी महिनाभराचे धान्य आहे तो पहिले वाईट काम नाकारू शकतो. ज्याच्या दारात वाण्याची उधारी उभी आहे तो मिळेल ते, मिळेल त्या मजुरीला पत्करतो. त्याच्या या अगतिकतेचा फटका त्याच्या एकट्याला बसत नाही. फाटकाबाहेर कमी पैशात राबण्यास तयार माणसे उभी असली की फाटकाच्या आत असलेल्यांचीही मजुरी रोखली जाते. म्हणून बेकाराला मिळणारा भत्ता हा कामावर असलेल्याचेही संरक्षण असतो. ब्रिटनच्या संसदेने १९११ साली काही उद्योगांपुरता बेकारीचा विमा सुरू केला. त्या देशात तेव्हा समाजवादी राज्य नव्हते, उदारमतवादी पक्षाचे सरकार होते. शंभर वर्षांपूर्वीच्या भांडवलशाही सरकारला जे उमगले ते आपल्या कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याला अद्याप उमगू नये?

अवधी देण्याची कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. भांडवल आजारी पडले की तो सढळ हाताने दिला जातो. १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्याने अशा कंपनीला धनकोंच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. प्रकरण मंडळापुढे आहे तोवर वसुली थांबलेली. तो कायदा जाऊन २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली, तिच्यातही दावे स्थगित ठेवण्याची तरतूद आहेच. कंपनीला सावरण्यासाठी वेळ हवा, हे न्यायालयांना व संसदेला पटते. त्या कंपनीच्या कामगाराचे घरभाडे, मुलांची फी आणि वाण्याची उधारी यांना मात्र एका दिवसाचीही स्थगिती नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतीत तर थांबण्याचे मोलही मिळाले. सुमारे सहाशे एकर जमिनीवर त्या उभ्या होत्या. १९९१ च्या विकास नियमावलीत ही जमीन विकण्याची मुभा देताना एक-तृतीयांश मोकळ्या जागेसाठी व एक-तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवावी असा नियम होता. २००१ साली तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता करून त्यातील प्राण काढून घेण्यात आला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. जुनी यंत्रे, बुडणारा धंदा हे सारे खरे असेल. जुना उद्योग मरतो आणि नवा जन्मतो, हे अर्थशास्त्राला मान्य आहे. मात्र मृताची इस्टेट मालकाला आणि सुतक कामगाराला, अशी वाटणी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात सांगितलेली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ही उदासीनता अधिकच खटकते, कारण कामाचा हक्क कायद्यात लिहिण्याचे धैर्य देशात प्रथम याच राज्याने दाखविले. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली, आणि खडी फोडणाऱ्या त्या माणसांच्या व त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या डाव्या पक्षांच्या रेट्यामुळे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरील आपल्या प्रबंधात सार्वजनिक कामांद्वारे रोजगार देण्याचा जो आग्रह धरला होता त्याला या राज्याने कायद्याचे रूप दिले. भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाला मिळाला, मजुरी थकली, भ्रष्टाचारही झाला. तरीही बेकाराची जबाबदारी सरकारवर आहे हे तत्त्व मान्य झाले, ही लहान गोष्ट नव्हती.

या योजनेसाठी पैसा कोठून आला? १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्याने. शहरातील नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी ग्रामीण मजुराच्या रोजगारासाठी कर द्यावा आणि तेवढीच भर सरकारने घालावी, अशी ती रचना. गिरणी कामगाराच्या पगारातूनही तो कापला गेला. आजही पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात. शहराने खेड्याशी पाळलेल्या बंधुभावाची ही पावती आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे काही कारण नाही. तक्रार आहे ती दुसरीच. ज्या साचेवाल्याने हा कर भरला त्याचे स्वतःचे काम गेले तेव्हा त्याला या हमीत जागा नव्हती, कारण कायदा ग्रामीण भागापुरता आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांपुरता होता. परळचा कामगार हमीचे काम मागण्यासाठी कोकणातल्या आपल्या गावी जाऊन दगड फोडू शकत होता. परळमध्ये त्याला काही मागता येत नव्हते. पुढे २००५ साली केंद्राने कायदा केला तोही ग्रामीण. २०२५ च्या अखेरीस त्याच्या जागी संसदेने मंजूर केलेल्या कायद्याच्या तर नावातच ‘ग्रामीण’ आहे. महाराष्ट्रातील जवळपास निम्मी जनता शहरांत राहते, याची दखल हमीच्या तत्त्वाने अजून घेतलेली नाही.

शहरात हमीचे काम कोणते द्यावयाचे, हा प्रश्न मोठ्या गंभीर मुद्रेने विचारला जातो. ज्यांच्या शहरात नाले तुंबतात, शाळांना दुरुस्ती नाही, दवाखान्यांत माणसे नाहीत आणि वाचनालये संध्याकाळी सहाला बंद होतात, त्यांनी हा प्रश्न विचारावा याचे नवल वाटते. केरळने २०१० साली अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२ साली. त्या योजना आदर्श आहेत असे नव्हे. तरतूद तोकडी आहे, आणि कुशल माणसाला झाडू देऊन त्याच्या कौशल्याचा अपमान करण्याचा धोका त्यांतही आहे. पण दार उघडता येते एवढे त्यांनी सिद्ध केले आहे. याउलट महाराष्ट्र सरकारने २०२४ साली काढलेली युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहावी. पस्तिशीपर्यंतच्या तरुणाला दरमहा सहा ते दहा हजारांचे विद्यावेतन, तेही ठरावीक महिन्यांपुरते. त्यानंतर काय, हे तरुणांनी विचारले तेव्हा उत्तर नव्हते; आणि पस्तिशीनंतर नोकरी गेलेल्याला तर प्रश्न विचारण्याचाही अधिकार नाही.

भत्त्याने माणसे आळशी होतील, हा आक्षेप बहुधा लाभांशावर जगणाऱ्यांकडून येतो, म्हणून त्याला फार उत्तर देण्याची गरज नाही. पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तरही याच राज्याच्या कायद्यांत आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे स्थापन केली. मालक मजुरीवर लेव्ही भरतो, ती मंडळाकडे जमा होते आणि कामगाराचा भविष्य निर्वाह निधी, उपदान हे सारे मंडळाच्या खात्यात राहते. पेढी बदलली म्हणून हमालाची सेवा शून्यापासून सुरू होत नाही. तीच पद्धत कंत्राटी आणि मुदतीच्या कामगारांना लावून बेकारी भत्त्याचा अंश त्याच लेव्हीत घालणे अशक्य नाही. जो मालक जितकी अधिक माणसे वरचेवर कमी करील त्याचा दर तितका चढा ठेवावा. अपघात अधिक तेथे विम्याचा हप्ता अधिक, हे तत्त्व त्याला आपल्या मोटारीच्या बाबतीत मान्य असतेच.

येथे कामगार संघटनांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. हजेरीपटावरून नाव गेले की संघटनेच्या वहीतूनही नाव जाते, ही आपल्या चळवळीची जुनी खोड आहे. वर्गणी देणारा तो सभासद. काम गेलेला तो फार तर मोर्चाला बोलावण्यापुरता. बदली कामगारांच्या बाबतीत हे घडले, कंत्राटी कामगारांच्या बाबतीत घडत आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या वाटाघाटीत रक्कम वाढवून घेणे म्हणजे विजय, असे मानणाऱ्या पुढाऱ्यांनी सह्या झाल्यानंतरच्या सहाव्या महिन्यात त्या चाळीत पुन्हा पाऊल टाकले काय? रक्कम तोवर मुलीच्या लग्नात, जुन्या कर्जात आणि गावच्या घराच्या छपरात गेलेली असते. गिरणी कामगारांची घरांची लढाई त्यांच्या स्वतंत्र संघटनांनी चिकाटीने लढविली म्हणून २०१२ साली घरांची पहिली सोडत निघाली. कामासाठीची लढाई मात्र कोणी त्या निर्धाराने लढविली नाही. कामाचा हक्क संपाबरोबरच संपला असे सर्वांनी मनोमन मान्य करून टाकले.

सेवायोजन कार्यालये या देशात १९४५ साली निघाली ती युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी. राज्याला वाटले तेव्हा लाखो माणसांना कामाला लावणे ही त्याची जबाबदारी होती. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले आणि त्याच कायद्यात, त्या कार्यालयामार्फतच माणूस घेण्याचे बंधन मात्र नाही, असेही लिहून ठेवले. तेव्हापासून ही कार्यालये नावे लिहिण्याचे काम इमाने इतबारे करीत आहेत.

राज्य विधिमंडळाने तीन गोष्टी कराव्यात. राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नोंदविल्याखेरीज ग्राह्य धरू नये, आणि सही केलेल्याला ती तीस दिवसांत परत घेता यावी. मग स्वेच्छेचे प्रमाण किती आहे ते आपोआप समजेल. नोकरी कोणत्याही कारणाने गेली तरी वर्षभर निम्म्या वेतनाइतका भत्ता माथाडी मंडळांच्या धर्तीवरील निधीतून मिळावा. आणि १९७७ च्या हमीच्या कायद्यातून ‘क’ वर्गाची मर्यादा काढून टाकून ती हमी महानगरपालिकांच्या हद्दीत लागू करावी, कुशल माणसाला त्याच्या कौशल्याचे काम देण्याच्या अटीसह. घटनेच्या एकेचाळिसाव्या कलमात कामाच्या हक्काशेजारीच बेकारीत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे. हमीच्या कायद्याने त्यातील पहिला अर्धा भाग खेड्यापुरता घेतला, दुसरा अर्धा कोणीच घेतला नाही. विधिमंडळाच्या पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात व्यवसाय कराच्या जमेचा आकडा वाचला जाईल, तेव्हा त्यातील किती पैसा शहरी नोकरदारांच्या पगारातून आला आणि त्यांपैकी ज्यांची नोकरी त्या वर्षी गेली त्यांना त्यातून काय मिळाले, एवढा प्रश्न एखाद्या आमदाराने उभे राहून विचारावा.